टाकीच्या वळणापर्यंत

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ, सुरू होण्याआधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी घरोघरच्या प्रार्थनांची यादी वाचायला घेतली, तेव्हा तबिथा चोपडे मान खाली घालून बसली होती. यादीत आपलं घर नसणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. चाळीस दिवस रोज संध्याकाळी मंडळीतल्या एकेका घरी जमायचं, दोन गीतं म्हणायची, शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची आणि चहा घेऊन उठायचं, ही कोल्हापुरातल्या त्या चर्चची जुनी रीत. लाईन बाजारातली घरं वाचून झाली. बावड्यातली सुरू झाली.

"चौथा आठवडा, गुरुवार. चोपडे सिस्टर, कसबा बावडा."

बाकांवरून कुजबुज गेली. मागं कुणीतरी उगाच खाकरलं. तबिथानं मान वर केली, ती थेट बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकाकडं बघण्यासाठी. तिथं क्रांती लोखंडे बसली होती. क्रांतीनं वळून पाहिलं नाही. मांडीवरच्या गीतपुस्तकावर हात ठेवून ती समोर बघत होती.

उपासना सुटल्यावर पाळक देठेसाहेब आवारात तबिथाजवळ आले. वयानं तरुण माणूस, पण बोलायचे जपून.

"नाव मी घातलेलं नाही, सिस्टर. क्रांतीताईंनी घालायला लावलं. म्हणाल्या, आक्काचं घर गाळणार असाल तर माझंही गाळा."

तबिथा तशीच रिक्षात बसली आणि घरी आली.

क्रांतीची एकुलती एक मुलगी स्वप्नाली डिसेंबरात गेली होती. तबिथाच्या मुलाच्या गाडीखाली.

ती सगळी हकीकत मंडळीला पाठ होती. स्वप्नाली तेवीस वर्षांची, बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला. नाताळच्या गाण्यांची तालीम आटोपून मैत्रिणीची वही द्यायला ती स्कूटीवरून बावड्याकडं निघाली होती. कारखान्याचा हंगाम जोरात होता, रस्त्याच्या कडेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. पाण्याच्या टाकीच्या वळणावर एका पिकअपनं तिला उडवलं आणि पिकअप थांबली नाही. अर्धा तास पोरगी ट्रॉल्यांच्या आडोशाला पडून होती. ट्रॅक्टरवाले पुढं चहाला गेलेले, त्यांच्या ट्रॅक्टरवरची गाणी मात्र मोठ्यानं चालू. ज्यांना दिसली त्यांतले काही गाडी हळू करून पुढं गेले. शेवटी चहा पिऊन परत आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं तिला उचललं. दवाखाना येईपर्यंत संपलं होतं. दोन दिवसांनी पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यात पिकअपचा नंबर सापडला आणि पोलीस तबिथाच्या दारात आले. नोएल दारातच म्हणाला, "मीच हाय तो. आईला ह्यातलं काय म्हाईत न्हाय."

मंडळीला एवढंच ठाऊक होतं. बाकीचं तबिथाला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी पावणेसातला नोएल घरात शिरला, तेव्हा ती कांदा चिरत होती. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता.

"आई, एकीला उडवलं मी."

"कुठं?"

"टाकीच्या वळणावर. ट्रॉलीच्या आडनं एकदम पुढं आली. स्कूटीवर हुती."

"जित्ती हाय का?"

"वरडत हुती."

तबिथानं नर्स म्हणून चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली होती. आधी गडहिंग्लज, मग कागल, शेवटची नऊ वर्षं कोल्हापूर. तिचे हात आपोआप चालले. खुंटीला एक पिशवी कायम अडकवलेली असायची, बँडेज, कापूस, कात्री असलेली. बावड्यात कुणाचा पाय विळ्यानं कापला, कुणाला चक्कर आली की लोक आधी तिच्या दाराशी यायचे. तिनं पिशवी काढली, चपला पायात सरकवल्या आणि दार गाठलं. टाकीचं वळण पाच मिनिटांच्या वाटेवर.

नोएलनं तिचा हात धरला. "तू गेलीस तर इचारतील, सिस्टर, तुम्हाला कुणी सांगितलं? काय सांगशील? आई, मी संपलो."

"आरं, पण ती पोरगी..."

"रस्ता वाहता हाय. कोण तरी उचलंल की. उचलली बी आसंल आत्तापतोर."

बत्तीस वर्षांचा बाप्या, तिच्या पायाशी बसून रडायला लागला. तिचा नवरा गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. तबिथा दारात उभी राहिली. किती वेळ, ते तिला पुढं कधी आठवलं नाही. मग तिनं पिशवी खुंटीला अडकवली, त्याला तोंड धुवायला पाणी दिलं आणि राहिलेला कांदा चिरला.

मुलगी कोण, हे तिनं विचारलं नव्हतं. सकाळी साडेसहाला पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा कळलं. ही तीच स्वप्नाली, जिच्या जन्माच्या वेळी तबिथा कागलच्या दवाखान्यात बाळंतकक्षात ड्युटीवर होती. क्रांतीला दोन दिवस कळा सोसाव्या लागल्या होत्या आणि पोर निळीसावळी झालेली. तिला उलटी धरून पाठीवर थापट्या मारून रडवलं होतं ते तबिथानंच. फोन आला त्याच दिवशी दुपारी दफनविधी झाला. कबरीपाशी क्रांतीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या बायकांत तबिथा होती. तेव्हा पोलीस यायचे होते.

लेंट लागला. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसानं चाळीस दिवस मटण सोडायचं म्हणजे मंडळीत तो मोठाच त्याग मानला जाई, आणि तबिथा दरवर्षी तेवढाच करायची. ह्या वर्षी तिनं दिवसभराचं अन्न सोडलं. संध्याकाळी प्रार्थनेहून आल्यावर एक भाकरी आणि बिनमिठाची डाळ. दुधाचा रतीब घालणाऱ्या चिमणाबाईला ते काही पसंत नव्हतं.

"सिस्टर, तुमच्यात उपासाला शाबू तरी चालतो का न्हाय?"

"आमच्यात शाबूबिबू काय नसतंय, चिमणाबाई."

"मग आसला कसला वो द्येव, माणसाला शाबू बी खाऊ द्यायचा न्हाय?" चिमणाबाईनं दूध मापून ओतलं आणि तिच्याकडं नीट बघितलं. "गालफडं बसल्यात तुमची. पोरगा जेलात हाय म्हणून तुम्ही हितं उपाशी मरून त्यो सुटणार हाय व्हय?"

तबिथा हसल्यासारखं करून आत गेली. नोएल सुटावा म्हणून ती उपाशी राहत नव्हती. कशासाठी राहत होती, ते तिला धड सांगता आलं नसतं. पोटात आग पडली की दुपारी तेवढा वेळ दुसरं काही आठवायचं नाही, एवढं मात्र खरं.

दर शनिवारी ती कळंब्याला जेलमध्ये जायची. काचेपलीकडं नोएल, मध्ये फोन. तो वाळला होता. पळून गेला म्हणून कलम मोठं लागलंय, जामीन अवघड आहे, असं वकिलांनी सांगितलं होतं. लेंटच्या पहिल्या शनिवारी तिनं फोन कानाला लावून म्हटलं, "नोएल, मला क्रांतीला सांगावंसं वाटतंय."

"काय सांगणार?"

"त्या दिवशीचं."

तो काचेला नाक लागेल इतका पुढं आला. "तू गप बसायचं, आई. म्या सगळं अंगावर घेतलंय ते कशासाठी? मी एकटा पुरे हाय."

तेवढ्यात वेळ संपली.

संध्याकाळच्या प्रार्थनांना ती रोज जायची आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायची. बायका जागा द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. क्रांती मात्र रोज निघताना तिच्याजवळ थांबून विचारायची, "आक्का, जेवलासा का?" फक्त तेवढंच. त्या तीन शब्दांच्या धास्तीत तबिथा दिवसभर असायची.

तिसऱ्या आठवड्यात ती पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पिशवी, चपला, कांदा, सगळं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"देवापुढं कबूल केलंत?"

"रोज करते, साहेब."

"मग पुरे आहे."

"आणि क्रांती?"

"क्रांतीताई आत्ता कुठं दोन घास खायला लागल्यात." ते थांबले. "सिस्टर, तुम्हाला अडवणारा मी कोण? पण सांगायच्या आधी एवढं बघा, की सांगून हलकं कोण होणार आहे. तुम्ही, का त्या?"

तबिथा पदरानं डोळे पुसून उठली. साहेबांचं म्हणणं तिला पटलं होतं. सांगायचं नाही. हे आपल्याबरोबर कबरीत न्यायचं, असं तिनं त्या दिवशी पक्कं केलं, आणि ठरल्यामुळं घरी जाताना तिची पावलंसुद्धा जरा सरळ पडली.

चौथ्या आठवड्यातला गुरुवार उजाडला. तिनं घर झाडलं, सतरंज्या घातल्या, शेजारून कप आणले. लेंटमध्ये चहाबरोबर काही ठेवायचं नाही असा मंडळीचा नियम, त्यामुळं करायचं तसं काही नव्हतं. तरी ती सकाळपासून बसली नाही. इतर घरी पस्तीस-चाळीस माणसं जमायची. तिच्याकडं अकराच आली. सगळ्यांच्या आधी आली ती क्रांती. तिचा नवरा वसंत एस.टी.त ड्रायव्हर, त्यानं तिला मोटारसायकलवरून दारात सोडलं आणि घराकडं न बघता गाडी वळवली.

क्रांती सरळ आत आली, चपला काढल्या आणि तबिथाच्या गळ्यात पडली. "हातपाय गार पडल्यात की तुमचं, आक्का. बसा जरा. च्या मी टाकते."

गीतं झाली. शास्त्र वाचून झालं. पाळकसाहेब क्षमेवर बोलले, पण थोडक्यातच, आणि बोलताना त्यांची नजर सतरंजीवर होती. मग प्रार्थना कोण करणार असं विचारल्यावर क्रांती उभी राहिली. आवाज साधा, भाजी घेताना बोलावं तसा.

"देवा, माझं लेकरू तुझ्याजवळ हाय. ह्या आक्काचं लेकरू जेलात हाय. दोन्ही घरं सारखीच सुनी झाल्यात. नोएलला मी माफ केलं. माझ्याच्यानं होत नव्हतं, तू करून घेतलंस. आणि आक्काला माफ करायचं तर काय कारणच न्हाय. तिचा काय गुन्हा? तिला जेवण जाऊ दे, देवा. तिला झोप लागू दे."

बायका रडायला लागल्या. जी क्रीडाशिक्षकाची बायको तीन महिने तबिथाशी बोलली नव्हती, तिनं पुढं सरकून तिचा हात धरला. तबिथाला आपला हात काढून घ्यावासा वाटला. सगळ्यांना वाटत होतं की तिचं मन भरून आलंय.

माणसं चहा घेऊन गेली. पाळकसाहेब दारात क्षणभर घोटाळले आणि तेही गेले. वसंत आठाला न्यायला येणार होता, म्हणून क्रांती मागं थांबली. ती कप विसळायला बसली, तबिथा फडक्यानं पुसून मांडणीवर ठेवू लागली.

"ईस्टर झाला की मला एकदा जेलात न्या," क्रांती म्हणाली. "नोएलला मी तोंडानं सांगणार हाय, की पोरा, माझ्या मनात काय न्हाय. त्यो बावरून, घाबरून पळाला. गाडी लागायची ती लागली. ते मला आता कळतंय."

"बरं," तबिथा म्हणाली.

"एकच निघत न्हाय मनातनं." क्रांतीनं हातातला कप पाण्यात तसाच धरला. "बघून पुढं गेली ती माणसं. गाडी हळू करून, बघून गेली, आक्का! माझी सपनी तिथं हाका मारत पडल्याली. त्यांस्नी माफ कर म्हणून मी रोज गुडघ्यावर बसते. न्हाय होत. जीभ रेटत न्हाय. देव म्हणत आसंल ही बाई खोटी हाय, निम्मीच माफी देती."

तबिथाचा हात थांबला. पाळकसाहेबांनी सांगितलेलं तिला शब्दन्‌शब्द आठवलं. बाहेर रस्त्यावरून एक रिकामी ट्रॉली खडखडत गेली. तिनं ती जाऊ दिली.

"क्रांती, त्या माणसांतली एक मी हाय."

"म्हंजे?"

आणि तबिथानं सांगितलं. भिंतीला टेकून, खाली बघत, एकही गोष्ट न गाळता. क्रांती मोरीशी उकिडवी बसली होती, तशीच राहिली. नळ चालू होता. तो तिनं मध्येच हात लांब करून बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

"किती वाजलं हुतं, नोएल आला तवा?"

"पावणेसात."

"आणि तिला उचललं सव्वासातला." क्रांतीनं हिशेब मांडल्यासारखी बोटं दुमडली. "पिशवी हातात घेतलीसा?"

"व्हय."

"चपला घातल्यासा?"

"व्हय."

"मग परत ठेवलीसा."

"व्हय, क्रांती."

क्रांती उठली. साडीच्या सोग्याला हात पुसले. तिचा आवाज अजून चढला नव्हता आणि त्याचीच तबिथाला भीती वाटत होती.

"तुम्ही गेला असतासा तर काय झालं असतं? खरं सांगा. तुम्ही सिस्टर हायसा."

चौतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न तबिथाला शेकडो लोकांनी विचारला होता, वॉर्डाच्या दाराशी, जिन्यात, ॲम्ब्युलन्सच्या मागं. त्याचं उत्तर ठरलेलं असे. काही उपयोग झाला नसता, बाई, त्याला त्रास झाला नाही. खरं असो नसो, सांगायचं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. पण एवढं सगळं खरं सांगितल्यावर शेवटी खोटं कशाला, असं तिला वाटलं. पुढं कितीतरी दिवस ती ह्याच क्षणाशी येऊन अडायची.

"पोस्टमार्टेममधी आलं, मांडीची शीर तुटली हुती. घट्ट दाबून, बांधून धरली असती तर... दवाखान्यापतोर टिकली असती."

"म्हंजे जगली असती."

"बहुतेक."

क्रांतीनं मोरीतला शेवटचा कप उचलला, विसळला, मांडणीवर पालथा घातला. मग म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंसा, आक्का?"

तबिथानं फडकं घडी करून मांडणीवर ठेवलं.

"आत्ता तासाभरापूर्वी मी समद्यांस्नी सांगितलं, हिचा गुन्हा न्हाय. मला बरं वाटत हुतं. डिसेंबरापास्नं पैल्यांदा बरं वाटत हुतं." तिनं चपला घातल्या, फाटक उघडलं आणि रस्त्याकडेला जाऊन वसंतची वाट बघत उभी राहिली. आठ वाजायला अजून वीस मिनिटं होती. तबिथा खिडकीतून बघत राहिली. क्रांतीनं एकदाही मागं पाहिलं नाही.

दाराला कडी लावल्यावर तबिथाला हलकं वाटलं. खरोखरच वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेल्यासारखा श्वास आत गेला, आणि कितीतरी महिन्यांनी तिला भूक लागली. तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसरी संपत आली तेव्हा धोंडा कुठं गेला असेल हे तिच्या लक्षात आलं, आणि हातातला घास ताटात ठेवून ती तशीच बसून राहिली.

पुढचे दिवस ती वाट बघत होती. क्रांती मंडळीत सांगेल, पोलीस येतील, वसंत येऊन शिव्या घालील, दगड मारील. कुणीच आलं नाही. क्रांतीनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती प्रार्थनांना यायची मात्र बंद झाली. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पोरं झावळ्या घेऊन चर्चला फेरी घालत होती, तेव्हा तिसऱ्या बाकावरची तिची जागा रिकामी होती. बायका आता तबिथाशी बोलू लागल्या होत्या, शेजारी बसवून घेत होत्या. क्रांतीला बरं नाही का, असं तिलाच विचारत होत्या.

त्याच्या आदल्या शनिवारी जेलमध्ये तिनं नोएलला हे सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं, फोन कानावरून खाली घेतला, परत लावला.

"म्या एकट्यानं समदं अंगावर घेतलं हुतं, आई. तू सगळ्यांस्नीच बुडीवलंस." मग तो वेळ संपायच्या आधीच उठून गेला.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, भर दुपारी तीन तासांची उपासना झाली. पंखे गरम वारा फेकत होते. क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलले आणि तबिथाला त्यातलं एकही वाक्य ऐकू आलं नाही. बाहेर पडताना आवारात वसंत उभा दिसला. अंगात खाकी, ड्युटीवरून मध्येच आलेला. तो तिची वाट बघत होता.

"सिस्टर, तुमच्यात नि तिच्यात काय झालंय?"

"तिनं सांगितलं न्हाय?"

"काय बी सांगत न्हाय. जेवत न्हाय. रोज सांजला रिक्षा करून टाकीच्या वळणाला जाती. मी काल मागनं गेलो. वळणावर उभी ऱ्हाती, मोबाईलात घड्याळ लावती नि चालत तुमच्या फाटकापतोर येती. तिथं घड्याळ बंद करती. परत वळणाला जाती. आसं चार-पाच बार." त्याचा मोठा, कणखर चेहरा गोंधळलेला होता. "मी इचारलं, ह्ये काय करतीस? तर म्हणती, पाच न्हाय, चारच मिन्टं लागत्यात. कशाची चार मिन्टं, सिस्टर?"

तबिथानं त्याच्याकडं बघितलं. दोन्ही घरांत हा माणूस आत्ता एकटाच राहिला होता ज्याला माहीत नव्हतं.

"मला ठाऊक न्हाय, वसंतराव," ती म्हणाली. तेवढं तिला जमलं.

त्या संध्याकाळी ती अंगणात खुर्ची टाकून बसली. साडेसहाला ऊन उतरलं. हंगाम कधीच संपला होता, रस्ता मोकळा होता, ट्रॉल्या नव्हत्या, गाणी नव्हती. पावणेसातच्या सुमारास कोपऱ्यावरून क्रांती येताना दिसली. ती चालत नव्हती, पळत होती. पन्नाशीला आलेली बाई, साडी एका हातात धरून, केस सुटलेले. ती फाटकाशी येऊन थांबली, मोबाईलवर बोट दाबलं आणि धापा टाकत आकड्याकडं बघत राहिली.

तबिथानं फाटक उघडलं. "क्रांती."

"पळत आलं की दोनच मिन्टं लागत्यात, आक्का."

"आत ये. पाणी घे घोटभर."

"न्हाय." क्रांतीचं लक्ष तिच्याकडं नव्हतंच. "पिशवी आसल हातात तर जरा जास्त लागत आसतील न्हाय का? आणि तुम्ही वयानं मोठ्या. तुमच्या पायात दुखतंय. तुम्हाला पळता आलं नसतं. सहा-सात तरी लागली असती. मग येऊन बघायचं, पिशवी उघडायची, कापूस काढायचा..." ती आशेनं बोलत होती. आपण कुठं चुकतोय ते कुणीतरी दाखवावं अशी. "तवर झालंच असतं ना आक्का? सांगा की. तवर झालंच असतं."

आता ते जुनं वाक्य तबिथानं सांगितलं. काही उपयोग झाला नसता, बाई. मी पोचेपर्यंत संपलंच असतं. तिला त्रास झाला नाही. चौतीस वर्षं ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात सांगितलं.

क्रांतीनं ते ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं आणि विझलं.

"आता खोटं बोलू नका," ती हळूच म्हणाली. "आता बोलून काय उपेग?"

तिनं घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं आणि वळणाकडं चालू लागली.

ईस्टरच्या पहाटे तबिथा चर्चला गेली नाही. पाळकसाहेब दुपारी येऊन गेले, दारातच उभे राहिले, आत या असं तिनं म्हटलं नाही. बावड्यात घरोघरी लोकांचे चाळीस दिवस संपले होते. तिनं मात्र त्यानंतरही दिवसा खाल्लं नाही. एप्रिल संपला, मे आला, शाळांना सुट्ट्या लागल्या. क्रांती रोज संध्याकाळी येत होती. कधी चालत, कधी पळत, एकदा खांद्याला जड पिशवी अडकवून. फाटकाशी थांबायची, आकडा बघायची आणि परत जायची. दोघींत बोलणं होत नव्हतं. तबिथा पावणेसातला अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उठायची नाही.